पाच घरांचे तारे

त्र्याहत्तरच्या वैशाखात मी नगरला जाऊन आले असं सांगितलं, की मुंबईतली माणसं आधी पाण्याचं विचारतात आणि मग कशाला गेली होतीस हे विचारतात. पाणी नव्हतं. आणि गेले होते ताऱ्यांसाठी. यावर बहुतेकजण हसतात. ज्या जिल्ह्यात लागोपाठ पावसाळे कोरडे गेलेत तिथं ताऱ्यांसाठी जाणारी बाई म्हटल्यावर हसणं रास्तही आहे. तारे बघायला नव्हे, त्यांचे आकडे तपासायला गेले होते, असं म्हटलं तरी फारसा फरक पडत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत विद्यार्थिनी आहे. आकाशात तारे घोळक्यानं असतात, आणि घोळक्यातला प्रत्येक तारा बाकीच्या सगळ्यांना ओढत असतो. या ओढाओढीत ते कसे फिरतात हे कॉम्प्युटरवर करून बघायला मी शिकते आहे. सांगायला सोपं आहे. पाच तारे घ्यायचे. प्रत्येकाला बाकीचे चार कुठल्या बाजूला किती ओढतात त्याची बेरीज करायची आणि त्या ओढीप्रमाणे प्रत्येकाला जरासं पुढं सरकवायचं. याला आम्ही पाऊल म्हणतो. सगळे सरकले की ओढी बदलतात, मग पुन्हा बेरीज, पुन्हा पाऊल. सूचनांची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून लिहायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं, तर एक स्वल्पविराम चुकला म्हणून सगळा गठ्ठा साभार परत. दीड वर्ष मी हेच करते आहे आणि माझा मूळचा तापट स्वभाव त्यानं जास्तच बिघडला आहे.

अशात आमच्या प्रोफेसरांना भिंगारहून एक टपाल आलं. पाठवणारे साळवे नावाचे गृहस्थ. भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत आकडेमोडीच्या विभागात ते नोकरीला होते, आता निवृत्त झालेले. त्यांनी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी हाताच्या यंत्रांवर पाच ताऱ्यांचा घोळका गेली सहा वर्षं चालवत आणला होता. त्यातला तिसरा तारा शेवटी घोळका सोडून कायमचा निघून जातो, असं त्यांचं उत्तर होतं. सोबत सुरुवातीचे आकडे आणि दर दिवाळीचे आकडे. प्रोफेसर हरखून गेले. घोळक्यातून असे तारे निसटतात हे आम्हाला माहीत होतं, पण नोकरदार माणसांनी घरी बसून हातानं ते काढून दाखवावं, हे छापण्यासारखंच होतं. त्यांनी मला त्याच आकड्यांवरून माझा गठ्ठा चालवायला सांगितलं.

पहिल्या दोन दिवाळ्या त्यांचे आणि माझे आकडे बरोबरीनं चालले. तिसऱ्या दिवाळीला फारकत झाली. त्यांचा तिसरा तारा पुढं निघून गेला, माझा तिथंच बाकीच्यांत घोटाळत राहिला. कुणीतरी चुकलं होतं, ते किंवा मी.

आणि यात एका मुलीचं नशीब अडकलं होतं. तिसरा तारा थोरात नावाच्या सहकाऱ्यांकडे होता. ते वारले आणि त्यांच्या मागं त्यांच्या मुलीनं, सुमननं, तो चालवला. ती मॅट्रिक झालेली. साळव्यांनी टपालात शेवटी लिहिलं होतं, की या मुलीसाठी मुंबईत काही करता आलं तर बघावं. आमच्याकडे आकडेमोडीला मदतनीसाची एक जागा होती. "पदवी नसलेल्या मुलीला घ्यायचं तर वरच्यांना दाखवायला काहीतरी छापलेलं हवं," प्रोफेसर म्हणाले. "आकडे जुळले की छापू, आणि तिला बोलावून घेऊ. न जुळले तर माझे हात बांधलेले आहेत. तू जाऊन बघून ये." जातेवेळी मीच चुकलेली असावी असं मला मनातून वाटत होतं. माझ्याबाबतीत ती काही अशक्य गोष्ट नव्हती.

भिंगार

पुण्याहून नगरची एस.टी. पकडली आणि शिरूर सोडल्यावर खिडकीबाहेर बघणं नकोसं झालं. शेतं नांगरूनही कुठं हिरवं पान नाही, नुसती ढेकळं. रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी माणसं खडी फोडत बसलेली, बायका जास्त, डोक्यावर पदर आणि पुढ्यात दगडांचा ढीग. माझ्या शेजारच्या बाईंना मी विचारलं, रस्ता तर झालेला दिसतोय, मग खडी कशाला? त्या म्हणाल्या, "रस्त्याला न्हाई ओ, पोटाला."

साळव्यांचं घर भिंगारच्या जुन्या बाजारामागं, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली टेबलावर काळं, जड, हँडलवालं यंत्र. कचेरीतून कंडम म्हणून निघालेली पाच यंत्रं या पाचजणांनी लिलावात घेतली होती. साळवे उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेले. नोकरीत तुम्ही कसली आकडेमोड करत होता, असं मी सहज विचारलं.

"ते सांगायचं नसतं, बाई," ते म्हणाले आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून आत चहा टाकायला सांगितलं.

चहा गुळाचा आला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात येऊन मी गुळाचा चहा पीत होते. मी तसं बोलून दाखवल्यावर साळवे म्हणाले, की ऊस कालव्याच्या पट्ट्यात, देवळाली प्रवऱ्याकडे. पारनेर तालुक्यातली निम्मी माणसं तिकडंच गेलीत, मिळेल त्या कामावर. ते हे अशा कोरड्या आवाजात सांगत होते की मला माझ्या विनोदाची लाज वाटली.

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. पाच तारे, पाच घरं. प्रत्येक घराचा एक तारा, आणि त्या ताऱ्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आठवडाभर प्रत्येकजण आपल्या ताऱ्यावरच्या चार ओढी काढणार. रविवारी सगळे साळव्यांकडे जमणार आणि जोड्या लावणार. तिसऱ्या ताऱ्यानं पहिल्याला जेवढं ओढलं, तेवढंच पहिल्यानं तिसऱ्याला ओढलं पाहिजे. दोन घरांत दोन माणसांनी वेगवेगळे काढलेले आकडे सारखे निघाले की जोडी लागली. सगळ्या जोड्या लागल्या की प्रत्येकानं आपापला तारा एक पाऊल सरकवायचा आणि नवी जागा बाकीच्यांना सांगायची. चुकीला वाव कुठं आहे? मला तरी दिसेना. त्या तिसऱ्या वर्षाचे साळव्यांचे सगळे कागद मी त्या दिवशी तपासले. बेरजा बरोबर, जोड्या लागलेल्या. संध्याकाळी मी कागद आवरले आणि ठरवून टाकलं की चूक माझीच आहे. फार बरं वाटलं. रात्रीच्या जेवणात लाल मिलोची भाकरी होती, रेशनवर मिळते त्या परदेशी ज्वारीची. ती थापताना फाटते आणि खाताना चिकटते, पण मी दोन खाल्ल्या.

रविवार

दुसऱ्या दिवशी चौघं जमले आणि मग सुमन आली. वडील गेल्यावर मायलेकी भिंगार सोडून पारनेर तालुक्यातल्या गावी गेल्या होत्या, तिथून ती दर रविवारी पहिल्या एस.टी.नं यायची. विशीतली असेल. सडपातळ, उन्हानं रापलेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला वाटलं भाजलं असेल. ती म्हणाली, "खडी." आठवड्याचे सहा दिवस ती खडी फोडत होती आणि संध्याकाळी यंत्र फिरवत होती.

जोड्या लावायला बसले तेव्हा त्या खोलीत मला जरा हसायला मिळालं. "तुझा थोरला लई हावरा झालाय, माझ्या धाकट्याला ओढून ओढून बेजार केलं त्यानं," असं ही वयस्क माणसं ताऱ्यांबद्दल बोलत होती. मला एक ओढ काढायला दिली. मी हँडल उलटं फिरवलं, मग आकड्यांची घरं मोजायला चुकले. माझी ती एक निघेपर्यंत सुमनच्या चारी काढून झाल्या होत्या. "मुंबईला असंच करत्यात का?" असं कुणीतरी विचारलं आणि सुमन खाली मान घालून हसली.

तिच्या ताऱ्याचे कागद तिच्या घरी होते. आता खरं तर मला ते बघायची गरज वाटत नव्हती, पण प्रोफेसरांना सगळं पाहिलं असं सांगता यावं म्हणून मी तिच्याबरोबर गावी जायचं ठरवलं. निघताना साळवे मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरीच्या बोटांकडं बघितलंत ना?" मी म्हटलं, काळजी करू नका, चूक माझी आहे. त्यांनी हात जोडले.

सुमनच्या गावी

एस.टी.त बसायला मिळालं नाही. उभ्या उभ्या सुमननं मला प्रश्न विचारून भंडावलं. मोठ्या कॉम्प्युटरला हँडल असतं का? नसतं, तर फिरवतं कोण? दोन तारे लई जवळ आले तर काय करता? मी उलट तिलाच विचारलं, तुम्ही काय करता?

"एका आठवड्यात लई पुढं जात्यात मग. एकमेकांच्या अंगावरनं पार निघून जात्यात. म्हणून तवा आमी बुधवारी बी बसतो."

आमच्याकडेही तेच करतात, पाऊल लहान करतात, फक्त बुधवार म्हणत नाहीत. मी तिला हे सांगितलं तर तिला फार आनंद झाला. मुंबईत राहायचं कुठं, जेवायचं कुठं, आईला आणता येईल का, हे सगळं तिनं विचारलं आणि मी सगळ्याची उत्तरं दिली, जागा तिला मिळाल्यासारखीच. फाट्यावर उतरून पुढं चालायचं होतं. वाटेत कडुलिंबाच्या झाडांना बोडकं करून टाकलेलं, पाला जनावरांना घातलेला. एक गाय रस्त्यात बसलेली होती. तिला उठवायला दोन माणसं शेपटाकडून उचलत होती आणि ती उठत नव्हती. सुमन तिकडं न बघता चालत राहिली, म्हणून मीही.

घर दगडमातीचं, दोन खणांचं. सुमनच्या आईनं, मी त्यांना मावशी म्हणू लागले, दारात तांब्याभर पाणी हातात दिलं. पाहुण्यानं पाय धुवायचे, ही आपल्याकडे सगळीकडची रीत. मी धुतले. धूळ फार होती, म्हणून तांब्या रिकामा होईपर्यंत धुतले. नंतर कळलं, की टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि तो तांब्या त्यांच्या त्या संध्याकाळच्या पाण्यातला मोठा वाटा होता. बोटं ओली करून पायाला लावायची आणि तांब्या परत द्यायचा, हे तिथं आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुणी काही म्हणालं नाही. मावशींनी मातीवरच्या त्या ओल्या डागाकडं एकदा बघितलं फक्त. घरात शिरून बसायचीही मला चोरी झाली.

भिंतीतल्या देवळीत देव होते आणि देवांच्या शेजारी ते यंत्र. हँडलला हळदीकुंकवाचे जुने डाग. थोरात असताना दसऱ्याला शस्त्रं-अवजारं पुजतात तसं यंत्र पुजायला लागले आणि तेव्हापासून ते देवापाशीच राहिलं, असं मावशींनी सांगितलं. कागदही तिथंच, खाली. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी बघू, असं सुमन म्हणाली. तिच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती.

सकाळी कागद बघणं झालं नाही. उजाडायच्या सुमाराला आरडाओरडा झाला. सुमनचे चुलत आजोबा, चार घरं सोडून राहणारे, गेले होते. शनिवारी खडीवर त्यांना चक्कर आली होती, घरी आणून निजवलं होतं, ते उठलेच नाहीत. त्यांची सून नुसती बसून राहिली होती, रडतही नव्हती. पाणी कमी, म्हणून आंघोळ घालायला शेजारच्या पाच घरांतून एकेक तांब्या आणला. मुंबईत मी माणसं गेलेली पाहिली आहेत. पण मेलेल्याला आंघोळ घालायला पाणी मागून आणताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला घरी परत जावंसं वाटलं, त्याच क्षणी, आणि जाता येणार नव्हतं.

दुपारी माणसं स्मशानातून परतली. भावकीत सुतक, म्हणून दुसऱ्या आडनावाच्या शेजारणीनं येऊन सुमनच्या घरातल्या देवांवर धुतलेलं फडकं टाकलं. फडकं मोठं होतं. तिनं त्यातच यंत्रही झाकलं आणि कागदही. तिनंच पिठलं आणि मिलोची भाकरी आणली. आम्ही तिघी ते खात बसलो होतो.

"हे मशीन कशाला झाकलं?" मी विचारलं.

"सुतक हाय न्हवं," सुमन म्हणाली.

"मशीनला?"

"देवापाशी असतंय ते. सुतकात कसं हात लावायचा?"

"मग येत्या रविवारी तुझ्या ताऱ्याचं काय?"

"ऱ्हाईल तितंच. दोन रविवार. मागं आबा गेले, तवा बी ऱ्हायलावता. नुसत्या ओढी मी मागनं भरल्या." आबा म्हणजे तिचे वडील, तिसऱ्या वर्षी गेलेले.

मी घास तसाच धरून विचारलं, "तिथंच म्हणजे? सरकवला नाही?"

"कसा सरकवायचा? आमच्या घरात सुतक. दुसऱ्यानं तर हात लावायचा न्हाई. साळवेकाका म्हनले, ऱ्हाऊ द्या, त्यांच्या घरचा तारा हाय, सुतक फिटल्याव पोरगी सरकवील."

"आणि बाकीचे चार?"

"ते चालले पुढं. त्यांच्या घरात कुटं..."

ती थांबली. मला काही सांगावं लागलं नाही. बेरजा बरोबर होत्या, जोड्या बरोबर लागल्या होत्या, कारण सगळ्यांनीच तो तारा जुन्या जागेवर धरून आकडे काढले होते. मी साळव्यांच्या घरी दिवसभर ओढी तपासल्या, तारा हलला की नाही हे बघायचं मला सुचलं नाही. तारा उभा राहील हे कुणाच्या मनात येतं? दोन आठवडे चार तारे चालत राहिले आणि पाचवा जागच्या जागी उभा होता. मग तो चुकीच्या जागेवरून निघाला, चुकीच्या शेजाऱ्यांच्या ओढीत सापडला, आणि हळूहळू बाहेर फेकला गेला. आमच्यात दर पावलाला सगळ्या घोळक्याच्या ऊर्जेची बेरीज करतात, ती बदलता कामा नये. ती केली असती तर त्याच महिन्यात कळलं असतं. माझे प्रोफेसर मला हे कायम सांगतात आणि मी वेळ वाचवायला ते टाळते. तिथं त्या घरात बसल्यावर ते का करायचं हे मला कळलं.

"मंग त्यो गेलाच न्हाई," सुमन म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"नाही गेला."

मावशी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनताय तुमी? ह्यांचा तारा कुटं गेला न्हाई?"

"नाही मावशी. चुकीनं गेलेला दिसला. आहे तो तिथंच, बाकीच्यांत."

"हितंच हाय?"

हा तारा आकाशात कुठंच नाही, तो नुसता कागदावरचा आहे, हे मी त्यांना सांगू शकले असते. मी फक्त मान हलवली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता हसल्या. "मला आपलं वाटायचं, हे गेले आन् ह्यांचा तारा बी गेला सोडून. सुमीला म्हनले न्हाई कधी." उठून त्या शेजारणीला सांगायला गेल्या, चार घरं पलीकडून आत्ताच मयत उचलली आहे याचंही भान न ठेवता. त्यांना एवढं आनंदी त्या दिवसांत कुणी पाहिलं नसेल.

सुमन भाकरीचा तुकडा मोडत बसली होती, खात नव्हती.

"आता मुंबई न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणाले, मी प्रोफेसरांशी बोलेन, भांडेन. ती म्हणाली, "व्हय." त्या हो म्हणण्यात काही नव्हतं. मला राग आला होता आणि तो काढायला कुणी सापडत नव्हतं. सुतकाचा राग करावा तर ते पाळणारी माणसं समोर अर्धपोटी बसलेली. साळव्यांचा करावा तर त्यांनी दुसऱ्याच्या दुःखात हात घालायचा नाही एवढंच केलेलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा सुमन खडीवर होती. मस्टरवर नाव नाही लागलं तर खाडा पडतो, म्हणून सुतक असो नसो, सगळी भावकी तिथं बसली होती, काल जिचे सासरे गेले ती सूनसुद्धा. सुतकात यंत्राला हात लागत नव्हता. हातोड्याला लागत होता. मी सुमनच्या शेजारी दगडावर बसले. ऊन असं होतं की दगडाला हात टेकवत नव्हता.

"साळवेकाकांना सांगा," ती म्हणाली, "ह्या दोन रविवारी सगळ्यांनीच थांबा म्हनावं. एकानं न्हाई, सगळ्यांनी."

"सांगते."

ती जरा वेळ फोडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, ते थांबायचं सोडा. बेरीज तर न्हाई ना चुकली माझी? आबा गेल्यापासनं सगळं मी केलंय. माझ्या हातानं कुटं चुकलं असंल तर मला कळवा."

मी कळवते म्हणाले. तिच्या बोटांना नव्या चिंध्या होत्या, निळ्या काठाच्या, कुणाच्यातरी लुगड्याच्या.

परत

भिंगारला साळव्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यंत्राच्या हँडलवर हात ठेवला. "छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हापासून सुतकबितक सगळं सोडलं," ते म्हणाले. "पण थोरातांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या घरात मी कसं सांगणार होतो? मीच म्हटलं, राहू द्या." मग म्हणाले, "पोरीचं काय होणार आता?"

मुंबईला आल्यावर मी पहिलं काम केलं ते गठ्ठ्यात चार कार्डं घालण्याचं. तिसऱ्या वर्षी, त्या दोन पावलांना, तिसरा तारा हलवायचा नाही, बाकीचे चार हलवायचे. गठ्ठा खिडकीतून आत दिला. दुसऱ्या दिवशी लांबलचक कागद हातात आला आणि मी तो तिथंच जिन्यात बसून साळव्यांच्या आकड्यांशी लावून पाहिला. तारा निसटला होता. त्यांच्या कागदावर निसटला होता त्याच दिवाळीला, त्याच बाजूला, शेवटच्या दशांशापर्यंत. सुमननं वडिलांच्या मागं काढलेल्या हजारो आकड्यांत एकही चुकलेला नव्हता. मी कागद घेऊन धावत प्रोफेसरांकडे गेले.

त्यांनी तो शांतपणे पाहिला, दोनदा. "अप्रतिम आहे," ते म्हणाले. "पण छापू काय? चुकीच्या ताऱ्याचं बिनचूक गणित?" मी आवाज चढवला. त्यांनी चढवू दिला. वर जाऊन ते बोलूनही आले, हे मला मान्य केलं पाहिजे. वरून उत्तर आलं, पदवी हवी. जागा आठवड्याभरात भरली. आलेला मुलगा चांगला आहे, पदवीधर आहे, त्याच्याशी मी अजून धड बोललेले नाही.

सुमनला कळवायचं होतं. काय आधी सांगावं ते मला ठरवता येईना. शेवटी जागा मिळाली नाही हे आधी लिहिलं, आणि खाली लिहिलं की तुझी बेरीज एकदाही चुकली नाही, मोठ्या कॉम्प्युटरवर तपासली. पोस्टकार्ड साळव्यांच्या पत्त्यावर टाकलं, तेच तिला पोचवतील म्हणून. त्यांनी ते गावी नेऊन तिला खडीवर दिलं. तिथं तिनं काय केलं हे त्यांनी मला दोन ओळींत कळवलं. तिनं कार्डाची वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि शेजारी बसलेल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी मला येत हुतं."